इंजिनाची थरथर आणि समतोलाचा हिशेब

धान्याच्या व्यापाऱ्याने इंजिनावर लेख लिहावा, याचे काही सभासद बंधूंना नवल वाटेल. परंतु ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान थाटले आणि तेथून कडबा कापण्याच्या यंत्रांपर्यंत मजल मारून पुढे १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, त्या भागातील व्यापाऱ्याने यंत्राला परके समजू नये. शिवाय हा विषय आता आपल्या पेढीच्या दारापर्यंत आलेला आहे. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज असा वसुलीचा फेरा करणारा आपला गुमास्ता दिवसाचे कित्येक तास मोटारसायकलवर घालवितो. एका गाडीवरून तो ताजातवाना उतरतो, तर दुसरीवरून उतरल्यावर त्याच्या बोटांना इतक्या मुंग्या आलेल्या असतात की पावतीवर सही करण्यापूर्वी त्याला हात झाडावे लागतात. दोन्ही गाड्या नव्या, दोन्ही एकाच रस्त्याच्या. मग हा फरक कशाचा?

उत्तर आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंतच आहे. जाते फिरते आणि मुसळ वर-खाली होते. जात्याची तळी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर ते मुकाट्याने फिरत राहते; मुसळाच्या प्रत्येक घावाला मात्र जमीन हादरते. पेट्रोलच्या इंजिनात हे दोन्ही व्यवहार एकत्र आलेले आहेत. सिलिंडरमधील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मुसळासारखा वर-खाली होतो आणि क्रँक त्या हालचालीचे रूपांतर जात्याच्या फिरण्यात करतो. क्रँकच्या प्रत्येक फेरीत दट्ट्याला दोन वेळा थांबून उलट फिरावे लागते. त्याला थांबविण्यास आणि पुन्हा हाकलण्यास जे बळ लागते, तेवढ्याच बळाचा उलटा धक्का इंजिनाच्या सांगाड्यास बसतो. हीच ती थरथर.

हे बळ किती असते, ते आपल्या मापाने पाहू. समजा, दट्ट्या व त्याच्याबरोबर हालणारे भाग मिळून अर्धा किलो वजन आहे, आणि दट्ट्याची धाव जुन्या ३५० सी.सी. बुलेटप्रमाणे ९० मिलिमीटर आहे. मिनिटाला २,००० फेऱ्या होत असता हा धक्का सुमारे एक क्विंटल वजनाच्या बळाइतका भरतो. फेऱ्या दुप्पट, म्हणजे ४,००० झाल्या की तोच धक्का दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे चार क्विंटल! बाजारपेठेत शांत वाटणारी गाडी महामार्गावर का थरथरू लागते, हे यावरून ध्यानात यावे. तसेच १०० सी.सी.च्या गाडीचा दट्ट्या हलका आणि धाव आखूड असल्याने, एकच सिलिंडर असूनही तिची थरथर सौम्य का, याचाही उलगडा होतो.

यावर पहिला उपाय म्हणजे क्रँकच्या विरुद्ध बाजूस जोडलेला प्रतिभार. पण येथे एक अडचण आहे. दट्ट्या सरळ रेषेत हालतो आणि प्रतिभार गोल फिरतो. वर-खालचा धक्का पुरता मारण्याइतका प्रतिभार लावला, तर तेवढाच धक्का आडवा उत्पन्न होतो. एका खात्यावरील कर्ज दुसऱ्या खात्यावर टाकण्यासारखाच हा प्रकार होय. म्हणून कारागीर साधारणपणे निम्म्याच्या आसपास तडजोड करतो.

आपल्याकडील पिठाच्या गिरण्यांची जुनी संथ इंजिने मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेऱ्या घेत, आणि त्यांना काँक्रीटच्या जड पायावर बोल्टांनी जखडलेले असे. हादरा पायात जिरे. त्यांचे अवजड फ्लायव्हील फिरण्याची गती सारखी राखी. दट्ट्याचा वर-खालचा धक्का मात्र त्याने नाहीसा होत नसे. मोटारसायकलला असा पाया नाही. किंबहुना तिच्यावर बसणारा माणूस हाच तिचा पाया!

दुसरा उपाय सिलिंडर वाढविण्याचा. जुन्या विलायती जोड-सिलिंडर गाड्यांत दोन्ही दट्टे एकाच वेळी वर जात व एकाच वेळी खाली येत. त्यामुळे ओढ एकसारखी मिळे, पण धक्का एका मोठ्या दट्ट्यासारखाच राही. एक वर तर एक खाली अशी योजना केल्यास मुख्य धक्के परस्परांना मारतात. परंतु दोन्ही दट्टे एका ओळीत नसल्याने इंजिन तराजूच्या दांडीप्रमाणे डावे-उजवे झुलू लागते. १९२३ साली बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कारखान्याने आपल्या पहिल्या मोटारसायकलीत दोन सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवले. दोन्ही दट्टे एकाच वेळी बाहेर व एकाच वेळी आत येत असल्याने धक्के जवळपास फिटतात, आणि थोडासा झोलच काय तो उरतो.

तिसरा उपाय बॅलन्सर शाफ्टचा. क्रँकवरील निम्म्या प्रतिभाराच्या जोडीला तेवढाच दुसरा भार त्याच गतीने, पण उलट दिशेने फिरवितात. दट्ट्या टोकास असताना दोघे मिळून त्याच्या विरुद्ध ओढतात, आणि बाजूस आले असता एकमेकांनाच मारतात. म्हणजे आडवे कर्ज उरतच नाही. मद्रास येथे १९५५ साली सुरू झालेल्या एन्फील्ड कारखान्याच्या बुलेटची जुनी थरथर सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच कंपनीने २०२० साली मीटिओरच्या नव्या ३५० सी.सी. इंजिनात असा शाफ्ट बसविला, आणि २०२३ साली तेच इंजिन बुलेटलाही दिले. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर मुसळच नाही, नुसते जाते. म्हणून तिच्या मोटारीत हा दोष मुळातच नसतो.

थरथर हा इंजिनाचा स्वभाव असतो, तसा कधी कधी तो रोगही असतो. पूर्वी न थरथरणारी गाडी थरथरू लागली, तर प्रथम इंजिन सांगाड्यास धरणारे बोल्ट पाहावेत. जुने इंजिन उघडून त्यात मूळच्यापेक्षा जड दट्ट्या बसविला तरी समतोल ढळतो. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल तर दोष इंजिनाकडे, आणि गिअर कोणताही असला तरी ठराविक वेगालाच येत असेल तर दोष बहुधा चाकाकडे शोधावा.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य व्यवहाराचे आहे. गाडी आपण विकत घेतो, पण तिच्यावर बसतो दुसराच. आपण पाच मिनिटे पेठेतून फिरवून, किंमत व मायलेज पाहून सौदा पक्का करतो. त्या गाडीची थरथर मात्र आपल्या गुमास्त्याच्या मनगटात वर्षानुवर्षे साचत जाते. हाताला दीर्घकाळ जोराचा कंप मिळत राहिला तर बोटांच्या शिरा व रक्तवाहिन्या यांना इजा होते, हे वैद्यकशास्त्राने दगड फोडण्याच्या आणि लाकूड कापण्याच्या यंत्रांवरील कामगारांच्या बाबतीत सिद्ध केलेले आहे. मोटारसायकलचा कंप त्या मानाने सौम्य असला, तरी हिशेब सोडण्याइतका क्षुल्लक नाही.

यास्तव पेढीसाठी गाडी घेताना जो ती रोज चालविणार, त्यालाच तवंदी घाटापर्यंत पाठवून परत येऊ द्यावे, आणि त्याने दिलेला कौल किमतीच्या आकड्याइतकाच ग्राह्य मानावा. खर्चाच्या वहीत मुंग्या आलेल्या बोटांसाठी रकाना नसतो. तो मालकाने मनात ठेवावा.