मिटलेल्या शिंपल्यातील ऑक्सिजन : सहा दशकांच्या संशोधनाचा मागोवा

ओहोटीला उघडे पडणारे कालव आपली दोन्ही कवाडे घट्ट मिटून घेते, तेव्हा आत कोंडलेल्या पाण्यातील ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि भरती येताच तो पुन्हा एकदम पेशींत शिरतो. पेशीला खरा धोका या परतीच्या वेळी असतो, हे जीवशास्त्राच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

या धोक्यामागे मुक्त मूलके असतात. जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे हे रेणू शरीर झिजवतात हा डेनहॅम हार्मन यांचा १९५६मधील विचार प्रारंभी दुर्लक्षित राहिला. पण १९६९मध्ये जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचा निचरा करणारे विकर (पेशीतील रासायनिक क्रियांना वेग देणारे प्रथिन) गाईच्या तांबड्या रक्तपेशींतून वेगळे केले, आणि मग चित्र पालटले. हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते व कॅटलेज हे दुसरे विकर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते. मूलकांची निर्मिती या निचऱ्याहून वरचढ झाली, की पेशीपटलातील मेद, प्रथिने आणि डीएनए यांची हानी होते, आणि त्यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

त्याच सुमारास, १९७०च्या दशकात, मराठवाडा विद्यापीठातील आर. नागभूषणम आणि यू. एच. माने रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतील केटलिसिया ओपिमा या शिंपल्याची वाढ व प्रजनन अभ्यासत होते. जगात मात्र १९७५मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग यांनी किनारी प्रदूषणाच्या पाहणीसाठी शिंपले वापरण्याची योजना मांडली, आणि पुढे बराच काळ त्या जिवाकडे प्रदूषणाचे मापक म्हणूनच अधिक पाहिले गेले. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यात तांबे, कॅडमियम साठतात. तांब्यामुळे घातक मूलके वाढतात, तर मेटॅलोथायोनीन हे गंधकयुक्त प्रथिन अशा धातूंना बांधून ठेवते, एवढे या पाहण्यांमुळे ठसले हे खरे, पण ओहोटीशी रोज झुंजणारा जीव त्यात काहीसा हरवला.

तो पुन्हा दिसला तो सक्सिनेटमुळे. ऑक्सिजनाविना जगणाऱ्या शिंपल्यांत हे आम्ल साठते, हे संशोधक पीटर होचाचका यांच्या कामापासून माहीत होते. २०१४मध्ये मायकेल मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झालेल्या उंदराच्या हृदयात हेच साठलेले सक्सिनेट वेगाने जळून तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, मूलकांचा लोट उठवते. जे हृदयाला घायाळ करते ते कालव भरतीगणिक पचवते, कदाचित यामुळे, की अनेक शिंपल्यांच्या तंतुकणिकांत इलेक्ट्रॉनांना आडवाट देणारे पर्यायी ऑक्सिडेज असते, जे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत नाही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅसिफिक कालवाच्या जनुकसंचात तर प्रथिनांची घडी सावरणाऱ्या एचएसपी-७० कुळाची ८८ जनुके आढळली. माणसात ती सुमारे १७ आहेत.

या शिंपल्यांचा संबंध दूरच्या नदीकाठांशीही आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोऱ्यासारख्या गावापासून समुद्र दूर असला, तरी त्या जिल्ह्यातून वाहणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते आणि वाटेतला गाळ व धातू तेथील शिंपल्यांपर्यंत नेते. नदीकाठच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी तापीच्या मुखाशी आणि काळबादेवीच्या खाडीत शिंपल्यांतील मूलकांचा निचरा करणारी ही विकरे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून मोजावीत.