'लूटी' : पेकिनी श्वानजातीच्या इतिहासांतील एक नांव

पेकिनी कुत्र्याच्या इतिहासाचीं साधनें चाळतांना एका नांवापाशीं आम्ही थांबलों. इ. स. १८६० च्या ऑक्टोबरांत इंग्रज व फ्रेंच सैन्यानें पेकिंगजवळील युआन-मिंग-युआन हा बादशाही वाडा लुटला. त्या सैन्यांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. वाड्यांत सांपडलेलें एक चिमुकलें कुत्रें कॅप्टन डन यानें विलायतेस नेऊन राणी व्हिक्टोरियास नजर केलें. तेथें त्याचें नांव पडलें 'लूटी'. ज्या इंग्रजी शब्दावरून हें नांव पडलें, तो शब्द मूळचा आपल्याकडील 'लूट'. मराठी दप्तरें वाचणाऱ्यांस तो पदोपदीं भेटतो !

संग्राहकांनीं याचा विचार करावा. वस्तु कोणाकडून व कोणत्या मार्गानें आली हें सांगतांना पुष्कळांची जीभ अडखळते. येथें तें नांवांतच नमूद झालें आहे. आम्हांस हें नांव शिक्कामोर्तबाच्या तोडीचें वाटतें. फ्रीड्रिख कायल यानें इ. स. १८६१ त काढलेलें लूटीचें चित्र इंग्लंडच्या राजसंग्रहांत आहे. इ. स. १८७२ त तें कुत्रें मेलें.

याउलट, राजमाता त्सु-शी हिच्या नांवावर या कुत्र्यांचें जें काव्यमय वर्णन इंग्रजी पुस्तकांतून फिरतें, तें मूळ चिनी लेख पुढें आल्याखेरीज अस्सल मानण्यास आम्ही तयार नाहीं. सिंह व माकडीण यांच्या विवाहाची कथाही मनोरंजनापुरतीच घ्यावी. वंशाची प्राचीनता मात्र निराळ्या पुराव्यानें दिसते : इ. स. २००४ त ८५ जातींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली, तींत पेकिनी कुत्रें लांडग्यास निकट अशा जुन्या गटांत पडलें. वंश जुना म्हणून आजचें रूपही जुनें, असें मात्र नव्हे. कायलच्या चित्रांतील तोंड आजच्याहून लांबट आहे व केसही बेताचे आहेत. चपटें नाक हें बव्हंशीं पुढील प्रदर्शनांच्या हौसेचें फळ होय. त्यापायीं श्वासाचा त्रास वाढल्यामुळें इ. स. २००८-०९ च्या सुमारास इंग्लंडांतील केनेल क्लबास मुस्कट स्पष्ट दिसलें पाहिजे, असा नियम करावा लागला.

स्वभावानें हें कुत्रें मानी व हट्टी. परक्याशीं तें अलिप्त राहतें, घरच्या एखाद्यावर मात्र जीव टाकतें. वजन सुमारें ५ किलो, पण मोठ्या कुत्र्यासमोरही मागें सरत नाहीं. धांवण्याची हौस त्यास बेताचीच.

ज्यांस तें पाळावयाचें असेल त्यांनीं उन्हाची विशेष धास्ती बाळगावी. मुंबईसारख्या दमट हवेंत त्यास सकाळीं किंवा तिन्हीसांजेसच फिरवावें. गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा बांधावा. नाकावरील घडी रोज कोरड्या फडक्यानें पुसावी व केस विंचरावे. बाहेर आलेल्या डोळ्यांस जरासें खरचटलें तरी जखम चिघळते. तेव्हां डोळा लाल किंवा मिटलेला दिसतांच त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें.