सोबत्यांचा आधार आणि धन्याची व्यवस्था

लग्नातला बनारसी शालू आपल्यापैकी अनेकींनी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला असेल. एखाद्या मंगलकार्याला तो बाहेर निघतो, जरीवरून हात फिरतो आणि पुन्हा मऊ फडक्यात गुंडाळला जातो. वाचकहो, असे शालू जेथे विणले जातात, त्या वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांकडे आज थोडे पाहू. माणसांकडून काम कसे घ्यावे आणि कसे घेऊ नये, याचा धडा तेथे मिळतो.

हातमागाचे काम एकट्याचे नसते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून कारागीर मागावर बसतो. घरातल्या स्त्रिया कांड्या भरतात. मुले हाताखाली वावरतात. अडल्यानडल्यास शेजारचा कारागीर धावून येतो. बिरादरीच्या पंचायतीने ‘मुर्री बंद’ पुकारला की साऱ्या मोहल्ल्यातले माग थांबतात. अगहन महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, ‘अगहनी जुमा’ या शुक्रवारी हे विणकर माग बंद ठेवून एकत्र नमाज पढतात. इतका जिव्हाळा जेथे आहे, तेथे कामकरी सुखी असावा, असे आपल्याला वाटेल.

परंतु तसे नेहमी घडत नाही. पुष्कळ कारागिरांना रेशीम आणि नक्षी ‘गिरस्ता’कडून मिळते व मजुरी साडीमागे ठरते. एकेका साडीला पंधरा दिवस, महिना, भारी कामाला त्याहूनही अधिक काळ लागतो. तयार साडी गिरस्तापुढे उलगडली की कोठे डाग, कोठे विणीतला दोष दाखवून मजुरी कापली जाते; उरलेलीही वेळेवर मिळेलच असे नाही. अब्दुल बिस्मिल्लाह यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी कादंबरीत या ‘कटौती’चे जिवंत चित्र रेखाटले आहे. सगळेच गिरस्त असे वागतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल; गद्दीवाल्या व्यापाऱ्याने पैसे अडकवले की तोही अडचणीत येतो. पण दोष कशाला म्हणावे, हे ठरविणारा आणि कापलेला पैसा राखणारा माणूस जेथे एकच असतो, तेथे कारागिराने दाद कोणाकडे मागावी?

शेजारी त्याला शेरभर पीठ उसने देईल, धीराचे चार शब्द बोलेल; त्याची कापलेली मजुरी मात्र तो परत आणू शकत नाही. २००९ साली बनारसी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या नावाचे रक्षण झाले. पण पिढीजात कसब असलेले कितीतरी हात माग सोडून सुरत, बंगळुरूकडे गेले. सोबत्यांच्या मायेने दुःख सोसवते, त्याचे कारण दूर होत नाही.

कारण दूर करता येते, याचे उदाहरण विणकामातच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, तरी अपेक्षित उत्पादन निघेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी तेथील मागशाळा पाहिली. कामाचे इतके तुकडे केले होते की कोणी कोणाबरोबर काम करावयाचे, हेच स्पष्ट नव्हते. मग लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी सोपविण्याची सूचना पुढे आली आणि कामगारांनी ती उत्साहाने उचलली. माग तेच, माणसे तीच. तरी उत्पादन वाढले व खराब कापड कमी झाले. तेथे सहकार्याला योग्य व्यवस्थेची जोड मिळाली होती.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी कचेरीत वरिष्ठ असेल, कोणाचे दुकान असेल, कोणाच्या घरी कामाला बाई येत असेल. काय अपेक्षित आहे ते आधी सांगावे. ठरलेला पैसा ठरल्या दिवशी द्यावा. चूक दिसली तर कापण्यापूर्वी ऐकून घ्यावे. यासाठी फार मोठा खर्च येत नाही. ‘आमची माणसे एकमेकांना सांभाळून घेतात,’ असे अभिमानाने म्हणताना, त्यांना इतके सांभाळून का घ्यावे लागते, हेही स्वतःला विचारावे.

पुढच्या वेळी शालूची घडी मोडाल, तेव्हा ज्या हातांनी तो विणला त्यांचा मोबदला त्यांना पुरा मिळाला असेल का, हा प्रश्न मनात येऊ द्या.