पदवीपूर्व संशोधन आणि समाजातील विज्ञान

१८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली, तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. आणि त्या पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या काळी तेथे एम. डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी असल्यामुळे आजच्या परिभाषेत तो प्रबंध पदवीपूर्व विद्यार्थिनीचे संशोधनच म्हटला पाहिजे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहाव्या दिवशी दगावल्याचे दुःख जिने सोसले, तिने परक्या देशात शिकत असताना जुने आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके शेजारी शेजारी ठेवून आपल्या समाजातील बाळंतपणाचा विचार करावा, ही घटना आमच्या शिक्षणाच्या इतिहासात आजवर पुरेशा गांभीर्याने नोंदली गेलेली नाही. त्यांच्या सागरप्रवासाची आणि अकाली मृत्यूची कथा घरोघर ठाऊक आहे. प्रबंधाचा उल्लेख मात्र कोणी केलाच तर ओझरता करतो. विज्ञान, तंत्र आणि वैद्यक यांचा समाजाशी असलेला संबंध हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, आणि तो कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यालाही पेलू शकतो, याचा इतका जवळचा पुरावा आम्हांला दुसरा मिळणार नाही.

या अभ्यासाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप पुढे पाश्चात्त्य देशांत आले. सतराव्या शतकातील इंग्लंडमधील विज्ञान आणि समाज यांवरचा रॉबर्ट मर्टन यांचा प्रबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला. एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाचे सामाजिक अंग शिकवण्यासाठी साठोत्तर दशकात एक स्वतंत्र विभाग निघाला. आणि १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत पदवीच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या खांद्याला खांदा लावून संशोधन करू देणारी योजना सुरू केली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ पासून एम. बी. बी. एस. च्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यावृत्ती ठेवली, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना मूलभूत विज्ञानातील संशोधनाची वाट दाखवली, आणि राज्यातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन-स्पर्धा भरू लागली. या सर्व उपक्रमांविषयी मला आदर आहे. तथापि समाज आणि विज्ञान यांच्या सीमेवरचा प्रश्न घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या दालनात बसवावे, याचा निर्णय आमच्या महाविद्यालयांना अद्याप करता आलेला नाही. विज्ञानशाखा त्याला इतिहासाकडे पाठवते आणि इतिहासविभाग त्याला प्रयोगशाळेकडे.

वास्तविक अशा विद्यार्थ्यासाठी महाराष्ट्राइतकी समृद्ध भूमी क्वचितच सापडेल. प्लेगचेच उदाहरण घ्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा अंमलात आला. मार्चमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात देह ठेवला. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्यातील प्लेग-बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. अवघ्या नऊ-दहा महिन्यांच्या या कालखंडात सूक्ष्मजंतुशास्त्र, सरकारी अंमलबजावणी, घराच्या उंबरठ्याची मर्यादा, जातिधर्माचे आचार आणि राजकीय असंतोष ही सारी सूत्रे एकमेकांत अशी गुंतली, की त्यांपैकी एकच ओढून काढणारा अभ्यास अपुराच ठरावा. शाळेच्या पुस्तकात यांतली शेवटची घटना तेवढी ठळक छापलेली असते. परंतु प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी शिपाई घरात शिरून झडती घेत असताना लोकांना नेमके काय असह्य झाले, छावणीत नेलेल्या माणसाच्या अन्नपाण्याची व्यवस्था कोण पाहत होते, लस टोचून घेण्यास कोण पुढे आले आणि कोणी नकार दिला, हे प्रश्न ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ यांच्या जुन्या फायली, नगरपालिकांची इतिवृत्ते आणि मुंबई-पुण्याच्या दफ्तरखान्यांतील कागदपत्रे यांतून वीस वर्षांचा चिकाटीचा विद्यार्थी उलगडू शकतो. नकार देणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच कुपीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, हाफकिन यांच्यावर दोषारोप झाला आणि १९०७ पर्यंत त्यांना निर्दोषत्वाची वाट पाहावी लागली, हे वाचल्यावर भय आणि विश्वास यांचा हिशेब इतका सरळ राहत नाही. शिवाय १८९७ चाच तो कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, तेव्हा आजचे पदवीचे विद्यार्थी शाळकरी वयात घरी बसून होते. त्यांना या विषयाची प्रस्तावना निराळी करून देण्याचे कारणच नाही.

दुसरे उदाहरण हातपंपाचे. खेड्यांतून विंधनविहिरी खोदल्या जाऊ लागल्या तेव्हा प्रारंभी त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात पाश्चात्त्य देशांतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी कल्पिलेले होते. सबंध गावाने पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हलवल्यावर ते मोडून पडत. यावर उपाय शोधण्याची खटपट जालना आणि सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या कारखान्यांत झाली, आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढे सत्तरीच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध होऊन आशिया-आफ्रिकेतील असंख्य गावांत पोचला. आमच्या मुलखात जन्मलेल्या या यंत्राविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, याचा मला मनस्वी खेद होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील पंपांची पाहणी करावी: किती चालू, किती बंद, दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी येतो, वॉशर कोणाच्या खर्चाने बदलतो, पाणी भरायला कोण येते आणि कोणाला रांगेत मागे उभे राहावे लागते. यातील शेवटचा प्रश्न यंत्रशास्त्राचा नव्हे असे म्हणणाऱ्या अध्यापकाशी माझा पुरता मतभेद आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीत अशा कामाला प्रथमच रीतसर जागा मिळाली आहे. परंतु पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यासच चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला राहतो. ही अट मला अन्यायाची वाटते. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दिवसभर बसून माणसांशी बोलणे, मोडी कागद लावणे किंवा शिवारात पंप मोजत हिंडणे यांसाठी लागणारे गुण परीक्षेच्या गुणपत्रिकेत उमटतातच असे नाही. मात्र एका बाबतीत सैलपणा नको: लोकांच्या आजारपणाविषयी विचारपूस करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांची समजून-उमजून दिलेली संमती घेतली पाहिजे आणि नावे गुप्त राखली पाहिजेत, वय लहान म्हणून या जबाबदारीतून सूट नाही.

आणि विद्यार्थ्यांचे असे प्रबंध तपासून झाल्यावर कपाटात पडून राहतात, याचा बंदोबस्त विद्यापीठांनी सत्वर करावा. दरसालच्या प्रबंधांची तालुकावार फेरिस्त छापावी, प्रत्येक प्रबंधाचा मराठी गोषवारा संबंधित ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल करावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच गावी त्याच पंपाशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आदल्या वर्षीची नोंद हातात घेऊन कामास लागता येईल.