रस्ता कसा आखतात?

लातूरहून एस.टी.ने नांदेडला जाताना चाकूर, अहमदपूर आणि लोहा ही गावे लागतात. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चा भाग आहे. हा रस्ता कोठे सरळ जातो, कोठे वळतो, तर कोठे चढतो. पट्टीने एक सरळ रेघ ओढून लातूर आणि नांदेड का जोडले नाहीत?

कारण जमीन पाटीसारखी सपाट नसते. वाटेत बालाघाटाचे डोंगर आहेत, ओढे आहेत. शेते, विहिरी, घरे, मंदिरे, मशिदी आणि कब्रस्तानेही असतात. म्हणून अभियंते प्रथम नकाशावर दोन-तीन मार्ग आखतात. मग प्रत्यक्ष फिरून पाहणी करतात. पुराचे पाणी कोठवर चढते, हे ते गावातील वृद्धांना विचारतात.

मार्ग निवडला की मोजणी सुरू होते. मोजणीला उर्दूत 'पैमाइश' आणि मोजणीच्या साखळीला 'जरीब' म्हणतात. आपल्याकडे शेतमोजणीची साखळी ३३ फूट लांब असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आता हे काम उपग्रहांच्या मदतीने चालणारी यंत्रे करतात.

चढउतार मोजण्यासाठी तिपाईवर दुर्बीण ठेवतात. दूर उभ्या केलेल्या पट्टीवरील आकडा तीतून वाचतात. पट्टी खोलगट जागी असेल तर मोठा आकडा दिसतो. उंचावर असेल तर लहान. सपाट प्रदेशात ३० मीटर अंतरात एक मीटरपेक्षा जास्त चढ सहसा देत नाहीत. तसे केले नाही, तर माल भरलेल्या ट्रकला तो चढ जड जातो. वळणावर रस्त्याची बाहेरची कड थोडी उंच ठेवतात, म्हणजे वेगातले वाहन बाहेर फेकले जात नाही.

मराठवाड्याची काळी माती कापसाला चांगली, पण रस्त्याला वाईट. ती पावसात फुगते व उन्हात आकसून तिला भेगा पडतात. म्हणून रस्त्याखाली मुरूम पसरून दाबतात. पाणी वाहून जावे यासाठी बाजूला नाल्या काढतात, ओढ्यावर मोऱ्या बांधतात. गोदावरीसारख्या नदीवर पूल बांधताना काठ पक्के असलेली जागा शोधतात.

शेवटी रस्त्याच्या मध्यरेषेवर आणि दोन्ही हद्दींवर खुणा करतात. शेतात रोवलेल्या त्या खुंट्या तुम्ही पाहिल्या असतील. कोणाची किती जमीन जाणार आणि तिचा मोबदला किती, हे याच मोजणीवर ठरते. खुंटी हातभर सरकली, तरी एखाद्या शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. म्हणून अशी खुंटी कधी उपटू नका. मोजणी आपल्या शेतात होत असेल, तर घरातील मोठ्या माणसांना म्हणा, "तेथे हजर राहा आणि नकाशा पाहा." शाळेत शिकलेली भूमिती अशा वेळी घराच्या उपयोगी पडते.