भुतांपेक्षा डॉक्टरच भयंकर! काय आहे ‘द स्पिरिट बेअर्स इट्स टीथ’?

१८८३ चं लंडन. सायलस १६ वर्षांचा ट्रान्स मुलगा, घरच्यांच्या लेखी मात्र लग्नाला आलेली मुलगी. त्याला व्हायचंय सर्जन. पळून जाण्याचा बेत फसतो, त्याला ‘आजारी’ ठरवलं जातं आणि रवानगी होते मुलींना आज्ञाधारक बायको बनवणाऱ्या सॅनिटोरियममध्ये.

अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांच्या २०२३ च्या या भयकादंबरीत भुतं आहेत. पण ती बिचारी मदत मागतात. अंगावर काटा येतो तो निदानाने. नकार दिला की आजार! म्हणूनच सायलसचा संताप आततायी वाटत नाही. तो जगण्यासाठीच चिडतो. आणि हे फक्त व्हिक्टोरियन काळापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून समलैंगिकता १९९० मध्ये वगळली गेली. ट्रान्स असणं मानसिक विकारांतून बाहेर पडायला २०१९ उजाडलं.