छातीवरची अक्षरे आणि शिवणाऱ्याचे मन

वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन कधीच नव्हते. संन्याशाची भगवी कफनी, वकिलाचा काळा डगला, शाळकरी मुलाचा गणवेश ही सारी वस्त्रे माणसाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्याविषयी काही सांगून जातात. या जुन्या व्यवहारात अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. मनाच्या आरोग्याविषयीचा संदेश सदऱ्यावर छापायचा, त्या संदेशालाच नाममुद्रा करायचे आणि विक्रीतील काही वाटा त्या कार्यास द्यायचा, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत २०१७ साली सुरू झालेल्या ‘मॅडहॅपी’ या ब्रँडने हा मार्ग धरला आणि दोनच वर्षांत फ्रान्समधील एका बलाढ्य उद्योगसमूहाचे भांडवल त्यात आले. कल्याण-बदलापूर पट्ट्यातील आमचे विद्यार्थीही उद्योजकतेचा प्रकल्प म्हणून अशा कल्पना आता मांडू लागले आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणून हिशेब तपासायचा नाही, असे अर्थशास्त्र सांगत नाही.

गरज मोठी आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्रस्त असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांविनाच राहतात, हा त्याच पाहणीचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता. येथील आकडा २२,७४६. याच अहवालातील आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आत्महत्या करणाऱ्यांत एक चतुर्थांशाहून अधिक लोक रोजंदारीवर काम करणारे होते.

खादीचा धडा

कपड्यावाटे विचार पसरवण्याचा या देशातील सर्वांत यशस्वी प्रयोग खादीचा होय. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे गांधीजींच्या हस्ते विदेशी कपड्यांची होळी झाली. त्याआधी १९०५ साली पुण्यातही अशी होळी पेटली होती. खादीवर एक अक्षरही छापलेले नव्हते, तरी ती घालणारा काय म्हणतो आहे हे रस्त्यावरच्या पोलिसालाही कळत असे. याचे कारण अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धांतात सापडते. पाठवणाऱ्याला ज्याची काही किंमत मोजावी लागते, तोच संकेत विश्वासार्ह ठरतो. खादी जाडीभरडी होती, धुवायला जड होती आणि अंगावर घातल्यास प्रसंगी तुरुंगाची वाट दाखवीत होती. शिवाय तिचा संदेश तिच्या निर्मितीतच होता. ती कोणी कातली, कोणी विणली आणि मजुरी कोणाच्या घरी गेली, हाच तो संदेश होता.

याच्या उलट बाजूस १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने केलेला प्रयोग आहे. कंपनीचे कार्ड वापरले की प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी, अशी ती योजना होती. त्यातून सुमारे १७ लाख डॉलर जमले आणि कंपनीचा धंदाही वाढला. विक्री आणि सत्कार्य यांची सांगड घालण्याची आजची रीत येथून रूढ झाली. ती वाईट आहे असे नव्हे. पण तीत ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही आणि वस्तू कशी तयार झाली याचा प्रश्नही निघत नाही.

आपल्याकडच्या एखाद्या सदऱ्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे अर्थातच गृहीत आहेत. किंमत ५०० रुपये. कापड, शिलाई आणि छपाई मिळून २२० गेले, दुकानदाराचे १५०, जाहिरात आणि वाहतुकीचे ८०. उरले ५० रुपये. नफ्याचा दहावा हिस्सा मनःस्वास्थ्याच्या कार्यास द्यावयाचा, तर प्रत्येक सदऱ्यामागे ५ रुपये निघतात. समुपदेशनाच्या एका बैठकीस १,००० रुपये लागतात असे धरले, तर एका माणसाच्या एका बैठकीसाठी २०० सदरे विकले गेले पाहिजेत. दानाच्या बाजूने पाहिले तर हा मार्ग फार लांबचा आहे. मग अशा उद्योगात काहीच अर्थ नाही काय? आहे, मात्र तो छातीवरच्या अक्षरांत शोधून सापडणार नाही.

वालधुनीच्या काठी

अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० साली, वालधुनीच्या काठी उभे राहिले. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. घरदार गमावलेल्या त्या माणसांच्या मनाचे काय झाले, हे त्या काळी कोणी विचारले नाही. तसे विचारण्याची रीतच नव्हती. त्यांनी पापड लाटले, कापड विकले, शिवणयंत्रे बसवली आणि उद्योगालाच औषध मानले. त्या शिवणयंत्रांच्या गावात पुढे जीन्सचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

या धंद्याची रचना समजून घेतल्याविना आपला प्रश्न सुटणार नाही. कापणारा एक, शिवणारा दुसरा, बटण लावणारा तिसरा, धुणारा चौथा. धागे कापण्याचे काम अनेकदा घरोघरी जाते. आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरीही संध्याकाळी तेच चालते. मजुरी नगावर मिळते. सणांच्या तोंडावर रात्र रात्र यंत्रे चालतात आणि हंगाम सरला की हात रिकामे राहतात. नगावरच्या मजुरीचा अर्थ असा, की मागणी घटण्याचा, आजारपणाचा आणि वीज जाण्याचा सारा धोका मालकाकडून मजुराकडे सरकतो. अनिश्चित मिळकत, डोक्यावरची उचल, अपुरी झोप आणि गावी राहिलेले कुटुंब यांनी मन खचते, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. ‘मन मोकळे करा’ असा सदरा शिवणाऱ्या कारागिराला स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी ठाण्याला जायचे झाले, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

जीन्सच्या धुलाईचे निळे पाणी वालधुनीत उतरू लागले तेव्हा ते सर्वांना दिसले. प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला आणि गेल्या दशकात धुलाईचे अनेक कारखाने बंद करावे लागले. त्या बंदीने ज्यांचे हात रिकामे झाले, त्यांच्या मनाची नोंद मात्र कोणत्याही अहवालात झाली नाही. नदीच्या प्रदूषणाला रंग असतो. मनाच्या झिजेला तो नसतो.

काय करता येईल

मार्ग अगदीच अनोळखी नाहीत. इटलीतील त्रिएस्ते येथे डॉ. फ्रांको बसाल्या यांनी सत्तरीच्या दशकात मनोरुग्णालयाची दारे उघडली, तेव्हा तेथील रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली. उपचार म्हणून फुकट राबवले जाणारे रुग्ण मजुरी घेणारे कामगार झाले. पुढे १९९१ च्या कायद्याने अशा संस्थांना मान्यता मिळाली. श्रमिकांपैकी किमान ३० टक्के लोक वंचित गटांतील असावेत, अशी त्यात अट आहे. कोलकात्याच्या पावलोव्ह रुग्णालयात ‘अंजली’ या संस्थेने रुग्णांच्या हातून चालणारे धोबीघर सुरू केले. सहकाराचे माहेर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य का वाटावे? ठाण्यास १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून तेथेच काम करीत आहे. आणि तेथून तासाभराच्या लोकल प्रवासावर शिवणकामाचे एवढे मोठे केंद्र आहे. या दोहोंचा सांधा जुळवणे हेच खरे उद्योजकाचे काम होय.

अशी नाममुद्रा काढू पाहणाऱ्या तरुणांनी चार गोष्टी पत्कराव्यात. आजारातून सावरलेल्या काही जणांना प्रचलित मजुरीवर कामास घ्यावे. नगाच्या दराखाली मासिक किमान मिळकतीची हमी द्यावी आणि डॉक्टरकडे जाण्याचा दिवस भरपगारी धरावा. किमतीतून कोणाला किती मिळाले, हे सदऱ्याच्या चिठ्ठीवर छापावे. आणि गळपट्टीच्या आत, जेथे धुण्याच्या सूचना असतात, तेथे १४४१६ हा क्रमांक छापावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा तो क्रमांक असून तेथे मराठीतही बोलता येते.

या अटींनी सदरा महाग होईल, हे उघड आहे. समजा, पन्नास रुपयांनी होईल. ते पन्नास रुपये देण्याची तयारी ग्राहकाने दाखवली, तरच त्याच्या छातीवरच्या अक्षरांना वजन येईल. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता आधाराची गरज असलेला माणूस मानावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितले. तो कायदा शिवणयंत्रापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र सरकार एकटे करू शकत नाही. त्यात थोडा वाटा कापड विकणाऱ्याचा आहे आणि थोडा ते विकत घेणाऱ्या आपणा सर्वांचा. दुकानात सदरा आवडला, तर त्यावर काय लिहिले आहे हे वाचून झाल्यावर तो कोणी शिवला आणि त्याला काय मिळाले, एवढे विचारण्यापासून या कामाला प्रारंभ करता येईल.